जाण्या-येण्याच्या तारखांसह

आमच्या संगमनेरात एक फोटोग्राफर आहेत. त्यांच्या स्टुडिओत पासपोर्टचा फोटो काढायला गेलं, की फोटो दोन मिनिटांत निघतो आणि उपदेश अर्धा तास चालतो. ते एकदा फोटोग्राफीसाठी व्हिएतनामला जाऊन आलेत.

"हनुवटी वर घ्या. परदेशात कॅमेरा गळ्यात लटकवायचा न्हाई. हलू नका. त्याच्यावरच्या कंपनीच्या नावावर काळी पट्टी चिकटवायची. आन् आपण कुठं चाललो, कधी परतणार, हे कुणाला सांगायचं न्हाई. दुनिया लई बेकार हाय, सर."

मान हलवली तर फोटो बिघडेल, म्हणून मी गप्प ऐकतो.

हेच गृहस्थ व्हिएतनामला निघाले तेव्हा बसस्टँडसमोर भला मोठा फ्लेक्स लागला होता. 'परदेश दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा!' खाली जाण्या-येण्याच्या तारखा, मधोमध गळ्यात कॅमेरा घालून हसणारे ते, आणि शुभेच्छुक म्हणून बायकोमुलांची नावं. ती सगळी त्यांच्याबरोबरच चालली होती. फ्लेक्स अर्थातच त्यांनी स्वतः करून घेतला होता.

परतले तेव्हा कॅमेऱ्यावर ओरखडाही नव्हता. इथं स्टुडिओचं कुलूप तेवढं तुटलं होतं आणि आतले लाइट, लेन्स, सगळं गेलं होतं. मी भेटायला गेलो, तर म्हणाले, "बघा, तिकडं लेन्सचं साधं टोपण हरवलं न्हाई. आपल्याकडचीच माणसं चोर."

मी फ्लेक्सचा विषय काढला नाही. वाटलं, एवढं तर त्यांचं त्यांना कळलं असेल.

काल बसस्टँडसमोर नवा फ्लेक्स लागला. यंदा केनिया. तारखा या वेळी धावत्या रिक्षातूनही वाचता येतात.