पाच रेझिस्टर आणि एक हौद पाणी

प्रिय ईशान आणि रेवा,

परवा व्हिडिओ कॉलवर ईशानने विचारलं, "आजी, रेझिस्टरमधून कपॅसिटर रिकामा होताना करंट कसा कमी होतो?" मी तोंड उघडण्याआधीच तुमचे आजोबा आतल्या खोलीतून म्हणाले, "तिला नको विचारू, पाणी जातं." त्यांच्याकडून तिखटमीठ लावलेलं ऐकण्यापेक्षा मीच सगळं क्रमवार लिहिते.

तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलेल्या बाईच्या घरातलं पाणी भौतिकशास्त्रानेच घालवलं, हे खरं आहे.

आपल्याकडे नळाला चार दिवसांआड पाणी येतं, तेही तासभर. अंगणातला हौद लहान. तो भरत आला की मोटर लावून पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवायचं, म्हणजे हौदात पुन्हा जागा होते. त्या दिवशी नळ सुटला आणि मोटर नुसती गुणगुणली, फिरेना. दुपारी माझी नणंद जेऊरहून सात माणसं घेऊन चार दिवस राहायला येणार होती!

आजोबांनी फोन केल्यावर सिद्राम वायरमन पाव तासात, मोटरला सुरुवातीचा धक्का देणारा नवा कपॅसिटर घेऊनच आला. (तो त्याला 'कंडेन्सर' म्हणतो. मी वर्गात हा शब्द खपवून घेत नसे.)

"जुन्यात अजून करंट आसंल," तो म्हणाला. "दोन टोकांवर पेचकस टेकवतो. एक ठिणगी उडंल, झालं."

"माझ्या घरात ठिणगी उडणार नाही," मी म्हटलं. "रीतसर रेझिस्टरमधून उतरवू. तोवर मोटरला हात लावायचा नाही."

शाळेने मोडीत काढलेला एक मीटर आणि काही रेझिस्टर माझ्या कपाटात होते, लेबल लावलेल्या डब्यात. एक रेझिस्टर पुरला असता. मी सावधगिरी म्हणून एकापुढे एक पाच जोडले. रोध जास्त, म्हणजे करंट कमी. करंट कमी, म्हणजे धोका कमी. (आणि वेळ पाचपट. हे मी दर वर्षी फळ्यावर लिहीत असे.)

"साठ," मी मीटरवरचा करंटचा आकडा वहीत लिहिला. आठ मिनिटांनी काटा बाविसावर. "बघा, सुरुवातीला कसा भराभर उतरतो."

"हौद भरला," आजोबा म्हणाले.

सोळाव्या मिनिटाला आठ. "आता सावकाश. दर आठ मिनिटांनी आधीच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त उरतो."

"हौद वाहतोय."

चोविसाव्या मिनिटाला तीन. अंगणातलं पाणी फाटकाबाहेर गेलं होतं. आजोबा घरातली पातेली, बादल्या, शेवटी कुकरसुद्धा भरून आले.

"काकू, ह्ये शून्य कवा व्हनार?" सिद्रामने विचारलं.

"तत्त्वतः कधीच नाही."

सिद्राम आजोबांकडे बघत राहिला.

"माझ्याकडं काय बघतोस?" आजोबा म्हणाले. "मी चाळीस वर्षं ऐकतोय."

चाळिसाव्या मिनिटाला काटा शून्याला जवळजवळ टेकला आणि मी परवानगी दिली. सिद्रामने पाच मिनिटांत नवा कपॅसिटर बसवला. मोटर झकास फिरली, हौदातलं सगळं पाणी वर चढवलं, आणि तेवढ्यात नळाने एक उचकी देऊन मान टाकली.

दुपारी नणंदबाई आल्या. आम्ही दोघं धरून दहा माणसं, चार दिवस, एक हौद. प्रत्येकाला आंघोळीला तीन तांबे, तेही मी मोजून देत होते. दुसऱ्या दिवशी त्या आजोबांना म्हणाल्या, "दादा, वहिनीनं करंटबी शून्यावर आणला आन् टाकीबी. लई हुशार हाय की."

नणंदबाई अजूनही दर वर्षी येतात. जेऊरहून निघताना सोबत पाण्याचे दोन मोठे कॅन घेतात.