नावासाठी सोडलेली जागा

वडील मालगाडीवर गार्ड होते. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत ज्यूंचं घर आमचं एकच. रोज सकाळी ते टोपी घालून पश्चिमेकडच्या भिंतीपाशी उभे राहत आणि हिब्रू प्रार्थना म्हणत. ती लिपी आमच्या घरात कुणालाच येत नव्हती. तरुणपणी कोकणात ऐकून त्यांनी देवनागरीत उतरवलेली एक वही होती, तिच्यावरच आमचं सगळं चालायचं. शब्दांचा अर्थ कळत नाही तर म्हणायचं कशाला, असं मी, नुकतीच बी.ए. झालेली शहाणी, त्यांना चिडवायचे. अर्थ ऐकणाऱ्याला कळतो, आपण फक्त मन लावायचं, असं ते म्हणत. माझं कधी लागलं नाही. तोंड प्रार्थना म्हणायचं आणि डोक्यात बाजारात पाहिलेली साडी.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एका हिवाळ्यात त्यांच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन ठरलं. आईने वही माझ्या हातात दिली आणि आजाऱ्यासाठीची प्रार्थना रोज वाच म्हणाली. मधे नावासाठी जागा सोडलेली आहे, ती. मथळ्यांची लाल शाई केव्हाच पाण्याने पसरली होती, पण नावाची मोकळी जागा लगेच सापडली. तिथे वडिलांचं नाव घालून मी दवाखान्यात त्यांच्या खाटेशी वाचू लागले. आयुष्यात पहिल्यांदा प्रार्थना म्हणताना डोक्यात दुसरं काही आलं नाही. वडिलांनी डोळे उघडले, बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटून घेतले.

शेजारच्या खाटेवर शिंदखेड्याकडचा, रुळांवर काम करणारा एक गँगमन होता. तो मला म्हणाला, "ताई, तू वाचस ना, तवय माले बी झोप लागस." पाचव्या दिवशी त्याची खाट रिकामी होती. तो घरी गेला का, हे नर्सला विचारायचा मला धीर झाला नाही.

आठव्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, जळगावहून आमच्या समाजातले एक काका भेटायला आले. त्यांना हिब्रू समजायचं. मी वाचायला लागले तसे ते स्टुलावरून उठून उभे राहिले. माझं वाचून होईपर्यंत थांबले, मग मला बाहेर व्हरांड्यात नेलं.

"किती दिवस वाचतेस हे?"

आठ, म्हटलं.

"बाई, ही गेलेल्या माणसासाठी म्हणतात. नावाची जागा दोन्हीत असते."

आत जाऊन वडिलांना विचारलं, तुम्हाला तर पाठ आहे, पहिल्याच दिवशी कळलं असेल ना?

"कळलं," ते म्हणाले. "पण तुझं मन पहिल्यांदा लागलं होतं. कशी थांबवू?"

मी काकांनी दाखवलेलं पुढचं पान काढलं आणि बरोबर प्रार्थना वाचली. प्रत्येक शब्द तपासून, बोट ठेवून वाचली. मन कुठेच नव्हतं, नुसती भीती होती. शनिवारी संध्याकाळी आणि रविवारीही तशीच वाचली.

सोमवारी ऑपरेशन झालं. मंगळवारी ते गेले.

मातीला आमच्यातले चारच पुरुष जमले. काका प्रार्थना म्हणायला लागले आणि नावाच्या जागेशी त्यांना पुढे म्हणवेना. त्यांनी वही माझ्यापुढे धरली. मी ती न पाहताच वडिलांचं नाव घेतलं आणि पुढचं सगळं म्हटलं. मला ते पाठ झालं होतं.