चेलनाच्या बरणीतले जीव

दाणा बाजारातल्या सुरेशचंदशेठच्या घरात सून चिडली की आधी पोळपाट आपटतो, मग कपाटाचं दार, आणि खाली दुकानातले हमाल एकमेकांकडे बघून डोळे मिचकावतात. यंदाच्या चातुर्मासात हमालांची चांगलीच करमणूक झाली.

सून म्हणजे चेलना, चाळीसगावची, प्राणिशास्त्रात एमएस्सी. लग्नानंतर पदवी कपाटात गेली, जीभ मात्र बाहेरच राहिली. थोरल्या संयमच्या सरांनी उत्क्रांतीचा धडा "परीक्षेला नाही" म्हणून सोडून दिला, तेव्हा ती शाळेत जाऊन भांडली. सर म्हणाले, "एवढी हौस असेल तर घरी शिकवा, मॅडम." हौस! तो शब्द असा झोंबला की त्याच संध्याकाळी संयम आणि धाकटी प्रियल गच्चीवर सतरंजीवर बसलेली, आणि धडा सुरू: पृथ्वीवर पहिला जीव आला कुठून?

सासऱ्यांना हे कसं रुचावं? सुनेला मारवाडीत हाक मारून ते म्हणाले, "बिंदणी, सृष्टी अनादि आहे. जिला सुरुवातच नाही, तिची सुरुवात काय शिकवतेस?"

"सृष्टी असेल अनादि, पप्पाजी. ही पृथ्वी एके काळी नुसता तापलेला गोळा होती. जीव पुढे आला, बहुतेक पाण्यात, डोळ्यांना दिसू नये इतका बारीक."

"मग दाखव पोरांना. रविवारी नाही दिसलं, तर वर्ग बंद. सुट्टीला पोरं दुकानात बसतील."

चेलनाने मेहरूण तलावातलं पाणी बरणीत आणलं, त्यात बारीक जीव वाढावेत म्हणून मूठभर वाळलेलं गवत टाकलं आणि बरणी गॅलरीत ठेवली. पहिला जीव हाच, असा तिचा दावा नव्हता. पण एकाच पेशीचा देह घेऊनही जगता येतं, एवढं पोरांनी बघितलं तरी पुरे होतं.

रविवार आला. पदवीसोबत कपाटात पडलेला सूक्ष्मदर्शक मांडला, थेंब ठेवला. संयमने डोळा लावला, प्रियलने लावला.

"मम्मी, काहीच हलत नाहीये."

दुसरा थेंब, तिसरा थेंब. काही नाही. पेपरमागून सुरेशचंदशेठ म्हणाले, "उत्पत्ती व्हायची आहे वाटतं अजून!" आणि स्वतःच्याच विनोदावर ठसका लागेपर्यंत हसले.

चेलनाने बरणी उजेडात धरली. पाणी काचेसारखं स्वच्छ, गवताची एक काडी नाही. ती तरातरा जिना उतरली. खाली हिलाल रिक्षावाला सासूबाईंना रोजच्यासारखा जैन स्थानकात, प्रवचनाला न्यायला थांबला होता. तिने बरणीचं विचारायचा अवकाश, तो बोलून गेला, "मावशीनी ते बठ्ठं पानी काल तलावमा सोडी दिन्हं, ताई. माले काय ठाऊक, त्यामा काय शे ते!"

सासूबाई मोहनबाई. चातुर्मासात त्यांच्या घरात न उकळलेल्या पाण्याचा थेंब चालत नाही. गाळलेलं पाणी घ्यायचं, आणि गळण्यावर राहिलेले जीव ज्या पाण्यातून आले तिथेच परत सोडायचे, हा त्यांच्या आईच्या आईपासूनचा शिरस्ता. काल त्यांनी बरणी बघितली, पाणी गाळलं, सगळं नेऊन तलावात सोडलं आणि सुनेची बरणी रिकामी दिसू नये म्हणून उकळून गार केलेलं पाणी भरून ठेवलं.

"मला विचारायचं तरी!" जिन्यात समोर आलेल्या सासूवर चेलना ओरडली.

"तू विचारलंस? जीव कोंडून ठेवलेस माझ्या घरात, चातुर्मासात! तडफडून मेले असते, तर पाप कोणाच्या माथी?"

"मी पोरांना तेच दाखवणार होते, मम्मीजी. की ते जिवंत असतात!"

"ते मला कोणी दाखवायला नको. मी जन्मभर त्यांच्यासाठी पाणी गाळतेय!"

वरून सुरेशचंदशेठ म्हणाले, "चला, वाद मिटला. संयम, दुकानाची किल्ली घे."

"थांबा!" मोहनबाई कडाडल्या. "जीव नाहीत असं पोरांनी धरून चालायचं का? उद्या नळाचं पाणी तसंच पितील. हिलाल, स्थानक राहू दे, तलावावर चल. आणि तू, बिंदणी, तुझं ते यंत्र घे. थेंब बघायचा आणि लगेच परत पाण्यात. माझ्यासमोर."

रिक्षात दोघी दोन टोकांना, मध्ये पोरं, मांडीवर सूक्ष्मदर्शक. काठावर प्रियल किंचाळली, "दादीजी, पळतंय!" मोहनबाईंनी वाकून बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि सुनेवर खेकसल्या, "बघत काय बसलीस? सुकेल ना ते! सोड लवकर!"

तेव्हापासून दर रविवारी वर्ग तलावावर भरतो. दुकानात एकटे सुरेशचंदशेठ बसतात. सासू-सुनेचं सरळ बोलणं मात्र त्या रविवारपासून बंदच आहे. जे काही बोलायचं ते दोघी हिलालमार्फत बोलतात.