सोसम्मा मॅडमचा रीडबॅक

लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा मी घरापासून तीन दिवसांच्या रेल्वेवर होतो, उत्तरेच्या डोंगरातल्या एका उंच चौकीवर. वडिलांचं पत्र आलं. वर 'सप्रेम जय भीम' आणि खाली चार ओळी. पाऊस नाही. विहीर तळाला गेली. आई रोजगार हमीच्या कामावर जाते. आता पत्त्यात उस्मानाबाद लिहू नको, जिल्हा लातूर लिही.

मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस. इन्फंट्रीत शिपाई झालो, आणि आवाज स्पष्ट म्हणून मला वायरलेस सेट शिकवला. मला लहानपणापासून काळजीचा रोग. कडी लावली का, हे तीनदा उठून बघणारा मी. सेटवर हाच रोग कामाला आला. महत्त्वाचा संदेश दिला की समोरच्याच्या नुसत्या 'रॉजर'वर आम्ही थांबत नाही. तोच संदेश त्याच्याकडून परत म्हणवून घेतो. त्याला रीडबॅक म्हणतात.

चौकीवरचा दिवस ठरलेला. 0500 ला उठणे. 0530 ला बर्फ वितळवून पाणी. 0600 ला सेटवर हजेरी. 1700 ला पाय तपासणी. ती लान्स नायक गंगाधर करायचा. पलटणीत मराठवाड्याचे आम्ही दोघंच. मी शिरूर अनंतपाळकडचा, तो नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबादचा. मिरचीच्या बाजारात वाढलेला, जीभही तशीच. मला 'तम्मुडू' म्हणायचा. तेलुगूत धाकटा भाऊ.

"तम्मुडू, तुमचा जिल्हा नवा झाला म्हणं. मग पाणी आलं का न्हाई?"

"जिल्हा आलाय. पाणी मागनं येतंय."

हसता हसता तो माझे मोजे ओढून काढायचा आणि एकेक बोट दाबून बघायचा. सगळ्यांचे पाय तो बघायचा. त्याचे कोणी बघायचे, ते कधी ठरलं नाही.

जानेवारीत आठ जणांची गस्त गेली. परतताना वाऱ्याने वाट बुजवली. चार तासांच्या वाटेला अकरा तास लागले. माझ्या डाव्या पायाची बोटं आणि गंगाधरच्या दोन्ही पायांची बोटं पांढरी पडली, लाकडासारखी. दुसऱ्या दिवशी 1110 ला हेलिकॉप्टरने आम्हाला खाली आणलं. मिलिटरी हॉस्पिटलमध्ये माझी दोन बोटं काढली. गंगाधरची सगळी वाचली, पण बधिर झाली.

आमचा वॉर्ड कॅप्टन सोसम्मांच्या हाताखाली होता. केरळच्या, ठेंगण्या, जाड भिंगाचा चष्मा. फौजेत नर्स अधिकारी असते. खांद्यावर तीन तारे. त्या आत आल्या की आम्ही पलंगावर पडल्या पडल्या सावधान व्हायचो. हात अंगाला चिकटलेले, हनुवटी वर.

"असं ताठ झोपलेलं माणूस मी फक्त शवागारात बघते," त्या म्हणायच्या. "सैल व्हा."

आम्ही आणखी ताठ व्हायचो.

रोज 1600 ला त्या मधोमध उभ्या राहून शिकवायच्या. त्या हिंदीत बोलायच्या, मी इथं मराठीत लिहितो. "पायाला आता कळत नाही. त्याचं काम डोळ्यांनी करायचं. रोज आरशात तळवा बघा. बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. बूट घालण्याआधी आत हात फिरवा. पाण्याची ऊब कोपराने बघा. शेक नाही. शेगडी-बुखारीजवळ पाय नाही. बिडी नाही." शेवटी विचारायच्या, "समझे?"

"जी मॅडम!" अख्खा वॉर्ड. गंगाधरचा आवाज सगळ्यांत मोठा.

मॅडम रजिस्टरमध्ये 'रुग्णास शिकवले' असं लिहून सही करायच्या. त्यांची चूक नव्हती. आमचीही म्हणवत नाही. अधिकाऱ्याने 'समझे?' विचारलं की उत्तर एकच असतं, ते आम्हाला भरतीच्या पहिल्या आठवड्यात शिकवलेलं होतं. कळलं की नाही, हा प्रश्न त्यात येतच नाही.

पाचव्या आठवड्यात गंगाधरला आजारपणाची रजा मिळाली. जाणाऱ्या प्रत्येकाला मॅडम एक छोटा गोल आरसा द्यायच्या, कागदात गुंडाळून. त्याने 'जी मॅडम' म्हणून कडक सॅल्यूट मारला. मग माझ्या कानाशी आला.

"बाईनं आरसा दिला बघ. पोरगी बघाय निघालो की काय मी?"

रेल्वेचं रिझर्वेशन मिळेपर्यंत त्याला ट्रान्झिट कॅम्पमध्ये थांबावं लागलं. तिथं थंडी होती. बराकीतल्या बुखारीवर पोरं विटा तापवायची. गंगाधरने एक वीट टॉवेलात गुंडाळून अंथरुणात पायाशी घेतली. आमच्याकडं पाय गार पडला की शेक देतात. ते कुणी शिकवावं लागत नाही. टाच भाजली, त्याला कळलं नाही. मोजा चढवला, बूट चढवला. नऊ दिवस तसाच हिंडला. दहाव्या दिवशी शेजारच्याला वास आला.

0940 ला त्याला आमच्या वॉर्डात परत आणलं. टाच काळी होती. गुडघ्याखाली पाय कापला, पण विष रक्तात गेलेलं होतं. तो माझ्या शेजारच्या पलंगावर होता. तापात मधेच शुद्धीवर यायचा.

"तम्मुडू, दुखलं न्हाई रे," म्हणाला. "दुखलं असतं तर म्या बघितलं नसतं का?"

तिसऱ्या दिवशी 1525 ला तो गेला. मॅडम त्याच्या उशाशी होत्या. त्यांनी घड्याळ बघून वेळ लिहिली. मी भिंतीकडे तोंड केलं.

दोन दिवस मॅडमनी शिकवणी घेतली नाही. तिसऱ्या दिवशी 1600 ला आल्या. तारे झाकतील असा पांढरा कोट घातला होता. स्टूल ओढून माझ्या पलंगाशी बसल्या. अधिकारी शिपायाजवळ असं बसत नाही. मी सावधान झालो.

"वाघमारे, गंगाधरला शिकवलं असं मी लिहिलंय. खाली माझी सही आहे. मी त्याला शिकवलं का?"

"जी मॅडम."

"बघ. पुन्हा तेच."

मी हनुवटी खाली घेतली.

"तू सेटवरचा माणूस. वर संदेश पोचला, हे तुला कशावरून कळतं?"

"रीडबॅक घेतो, मॅडम."

"रॉजरवर भागत नाही?"

"न्हाई मॅडम. रॉजर म्हणजे ऐकलं. समजलं असं न्हाई."

त्यांनी चष्मा काढला, कोटाने पुसला, परत लावला. "म्हणजे आजवर मी रॉजरवर वॉर्ड चालवला," म्हणाल्या.

त्या दिवसापासून 'जी मॅडम' बंद. पाण्याची परात, टॉवेल, आरसा, बुटांचा जोड हे सगळं पलंगापाशी यायचं. मॅडम हात बांधून बसायच्या. "मी तुझ्या घरची नवी सून. मला काही येत नाही. तुझा पाय कसा सांभाळायचा, मला दाखव." पोरं लाजायची, हसायची.

"सूनबाई, आधी डोक्यावर पदर घ्या," कुणीतरी मागून म्हणालं. त्याही हसल्या. पण दाखवल्याशिवाय सुटका नव्हती. एखादा चुकला तर म्हणायच्या, "माझं सांगणं कमी पडलं. मी परत सांगते, तू परत दाखव." चूक स्वतःकडे घेणारा अधिकारी मी तोवर पाहिला नव्हता.

माझी पाळी आली. सगळं पाठ होतं. तरी परात पुढं आली आणि मी सवयीने पायच घातला. कोपर राहिलं. पाणी कोमट होतं म्हणून बरं. मॅडमनी माझा पाय पुसून घेतला आणि कापसाचा बोळा उचलला.

"डोळे मीट. कापूस लावते तिथं बोल."

मी अंदाजाने बोलत गेलो. इथं, आता, व्हय, इथं.

"वाघमारे, सेटवर अंदाज चालतो?"

नाही चालत. मी डोळे उघडले. जे दोन महिने लपवलं होतं ते बोललो. "टाचेपासून पुढं काहीच कळत न्हाई, मॅडम. डॉक्टरसाहेबांना मी ठीक है, ठीक है म्हणत आलो. मेडिकल बोर्ड मला घरी पाठवील. तिकडं विहिरीत पाणी न्हाई. माझ्या पगारावर सहा जण हायत."

त्यांनी धीर दिला नाही, रागावल्या नाहीत. सगळं पहिल्यापासून पुन्हा करून दाखवायला लावलं, मग बोर्डासाठी दोन ओळी लिहिल्या: जवान स्वतःच्या पायाची निगा पूर्णपणे जाणतो, करून दाखवतो. बसून करायच्या कामास योग्य. बोर्डाने माझी मेडिकल कॅटेगरी उतरवली, पण नोकरी ठेवली. बेस कॅम्पला वायरलेस सेटवर. दुष्काळाचे पुढचे उन्हाळे आमच्या घराने त्या दोन ओळींवर काढले.

पुढच्या हिवाळ्यात एका दिवशी 1420 ला वरच्या चौकीचा कॉल आला. तीन दिवस वादळ होतं, हेलिकॉप्टर बंद. चौकीचा नर्सिंग असिस्टंट आधीच आजारी होऊन खाली आलेला. आमचे डॉक्टर दुसऱ्या कॅम्पला गेलेले, परतायला दोन तास. सेटवर स्वतः सुभेदार साहेब होते.

"एका जवानाचे पाय पांढरे पडलेत. बर्फाने चोळतोय. बुखारी पेटवलीय. डॉक्टरला दे. ओव्हर."

"डॉक्टर दोन तासांनी. साहेब, चोळणं थांबवा. बुखारीपासून लांब घ्या. ओव्हर."

"तू कोण? ओव्हर."

"शिपाई वाघमारे, ऑपरेटर. माझी स्वतःची बोटं गेलीत, साहेब. ओव्हर."

ड्यूटीवरचे कॅप्टन साहेब मागे उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "बोल."

मी मॅडमच्या क्रमाने बोललो. कोमट पाणी, दुसऱ्याच्या कोपराने तपासून. पाय बुडवून ठेवा. फोड फोडू नका. बोटांमध्ये कोरडा कापूस. बिडी नाही. आणि पाय एकदा वितळले की चालवायचं नाही, पुन्हा गार पडू द्यायचं नाही.

"रॉजर. आउट."

"साहेब, आउट नको. रीडबॅक द्या. ओव्हर."

ओव्हर म्हणजे आता तुम्ही बोला, आउट म्हणजे बोलणं संपलं. शिपायाने सुभेदाराकडे रीडबॅक मागितला होता.

"मला शिकवतोस? ओव्हर."

"न्हाई साहेब. माझं सांगणं कमी पडलं असेल. रीडबॅक द्या. ओव्हर."

मग ते बोलले. "कोमट पाणी, कोपर. फोड फोडायचे नाहीत. कापूस. बिडी नाही. पाय मऊ पडले की कोरडे करून, बूट चढवून, दोन माणसांबरोबर त्याला चालत खाली पाठवतो. ओव्हर."

मागे कॅप्टन साहेबांनी श्वास ओढलेला मला ऐकू आला.

"नकारार्थी, साहेब. चालवायचं न्हाई. चालवला तर दोन्ही पाय जातील. वरच ठेवा, गरम ठेवा, हेलिकॉप्टरची वाट बघा. परत बोला. ओव्हर."

ते परत बोलले. बरोबर होतं.

1635 ला डॉक्टर आले, सेटवर तेच सांगितलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. तिसऱ्या दिवशी आकाश मोकळं झालं. त्या जवानाच्या एका बोटाचं टोक गेलं, बाकी पाय राहिले. तो सोसम्मा मॅडमच्याच वॉर्डात गेला. महिन्याने परत आला तेव्हा त्याच्याकडे माझ्यासाठी चिठ्ठी होती. तीन शब्द: 'रीडबॅक मिळाला, वाघमारे.'

त्या उन्हाळ्यात रजेवर आलो आणि आधी धर्माबादला उतरलो. गंगाधरची आई ओसरीवर मिरच्यांची देठं काढत बसली होती. फौजेने पाठवलेली त्याची ट्रंक तिने आतून ओढत आणली. कपडे, फोटो, आणि तळाशी तो आरसा. कागदसुद्धा निघालेला नव्हता.

"हे कशाला दिलं हुतं रे त्याला? त्यो तर केसावरून कंगवा बी फिरवत नव्हता."

मी सांगितलं.

"मग त्यानं का न्हाई पाहिलं?"

"आम्हाला हो म्हणायची सवय होती, माय. कळलं न्हाई म्हणायची नव्हती."

तिने हातातली मिरची खाली ठेवली. मग म्हणाली, "मला दाव. कसं पाह्यचं असतं?"

मी बूट काढला, मोजा काढला. कागद सोडून आरसा तळव्याखाली धरला. टाच, बोटं, बेचक्या, बूट, कोपर, सगळं दाखवलं. मी काही मागितलं नव्हतं. तिने मिरचीचे हात पदराला पुसले आणि एकेक करून सगळं परत म्हटलं. एकही चुकलं नाही.

"घेऊन जा हे," ती म्हणाली. "रोज पाहा."

तो आरसा आज माझ्या घरी, शिरूरला, खुंटीला आहे. संध्याकाळी 1700 ला मी बाजेवर बसून डावा पाय बघतो. कळत अजूनही काही नाही. बघून झालं की हलक्या आवाजात रिपोर्ट देतो: लान्स नायक गंगाधर, शिपाई वाघमारेचा पाय तपासला. टाच ठीक. बोटं तीन, तिन्ही ठीक. ओव्हर.