डेर्कला कुणी विचारलं?

"आम्ही ठरवलंय," असं आलिडा म्हणाली आणि यांतिनाच्या डोक्यात तिडीक गेली.

रविवारची दुपार होती. आलिडा ही यांतिनाची एकुलती एक लेक. नवरा बाउका याला घेऊन ती झ्वोले शहरातून वील्डरवांक गावी आई-बापाकडे आली होती. कोट काढून ठेवायच्या आधीच तिनं टेबलावर टॅबलेट उभा केला आणि नळांची चित्रं दाखवायला लागली. उकळत्या पाण्याचा नळ. ओट्याखाली टाकी, वर नळ, त्याची मूठ दाबून फिरवायची की थेट उकळतं पाणी. किटली भरायला नको, उचलायला नको.

"कोणी ठरवलंय?" यांतिनानं विचारलं.

"मी आणि बाउकानं. आई, आधी ऐकून तर घे. बाबांना किटली आता झेपत नाही. मार्चमध्ये काय झालं ते विसरलीस का?"

विसरण्यासारखं नव्हतंच ते. तिच्या नवऱ्याला, डेर्कला, कंपवात होऊन काही वर्षं झाली होती. मार्चमध्ये भरलेली किटली त्याच्या हातातून निसटली आणि सगळं उकळतं पाणी त्याच्या सपातेत गेलं. मोजा कातडीला चिकटला. यांतिनानं तो कात्रीनं कापून काढला आणि कापता कापता त्याला शिव्या घातल्या. दवाखान्यात नर्सनं तिच्याकडे बघून विचारलं, "कुठं जास्त दुखतंय यांना?" तेव्हा ती नर्सवरच उखडली होती. "मला काय विचारतेस? पाय त्याचा आहे. तो मुका वाटला का तुला?"

असा तिचा राग. गावाला माहीत होता. पावाच्या दुकानात काउंटरवर उभं राहून तिनं आयुष्य काढलं, आणि रांग मोडणाऱ्याला, मग तो गावचा डॉक्टर का असेना, हात हलवत परत पाठवलं. लोक तिच्या पाठीमागे हसायचे, पण पाव तिच्याच हातून घ्यायचे. तिच्या मापात खोट नसायची.

डेर्क तिच्या अगदी उलटा. कालव्यावरच्या उचलत्या पुलाचा तो राखणदार होता. बोट आली की पूल वर, गेली की खाली. मधल्या वेळात केबिनमध्ये किटली. नावाडी, पोस्टमन, शाळेत जाणारी मास्तरीण, सगळ्यांना त्यानं चहा पाजला. घरीही दुपारचा चहा त्याचाच. यांतिनानं लग्नानंतर दुपारचा चहा स्वतः कधी केलाच नाही. चहा डेर्कनं करायचा आणि ती खुर्चीत बसून दिवसभराच्या गिऱ्हाइकांची खरडपट्टी काढणार, हे ठरलेलं.

आता तो टेबलाशी बसला होता. उजवा हात मांडीखाली दाबून. हात कापायला लागला की तो असाच दाबून ठेवायचा. तिघंजण त्याच्याबद्दल बोलत होते आणि तो चित्रातल्या नळाकडे बघत होता.

"आमच्याकडे हाच आहे, आई," बाउका म्हणाला. "झकास आहे. सवय झाली की तुम्हीच म्हणाल..."

"तुमच्याकडे काय काय आहे ते मला ठाऊक आहे. गवतसुद्धा यंत्र एकटंच कापत फिरतं. म्हणून तर तुझं पोट सुटलंय."

"आई!" आलिडा ओरडली.

"आई काय आई! माणूस समोर बसलाय जिवंत, आणि तुम्ही त्याच्या हातातलं काम काढून घ्यायला निघालात. उद्या म्हणाल बाबांना बटणं झेपत नाहीत. परवा म्हणाल जिना झेपत नाही. मग एक दिवस याला उचलून नेऊन ठेवा कुठंतरी, खिडकीत झाडासारखं!"

"असं कोण म्हणालं?"

"म्हणायला कशाला हवं! डेर्क, ऊठ. चहा ठेव. बघू दे यांना."

डेर्कनं तिच्याकडे पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण त्याचा आवाज हल्ली बारीक झाला होता आणि शब्द यायला वेळ लागायचा. यांतिनाला वेळ नव्हता. "ऊठ ना," ती म्हणाली.

तो उठला.

डेर्कनं किटली नळाखाली धरली तेव्हा ती नळाच्या तोटीवर टकटक वाजायला लागली. आलिडा उठू लागली तसं यांतिनानं तिचं मनगट धरलं. पाणी उकळलं. डेर्कनं दोन्ही हातांनी किटली उचलली, कोपरं पोटाशी घट्ट लावली, श्वास रोखला आणि चहाच्या भांड्यात पाणी ओतलं. थोडं भांड्यात गेलं, थोडं ओट्यावर सांडलं, ओट्यावरून खाली ओघळलं. तो पाय मागं घेऊन उभा राहिला. मग भांडं उचलून त्यानं एकेक करून चार कप भरले. एवढं व्हायला इतका वेळ गेला की चौथा कप भरेपर्यंत पहिला कोमट झाला असेल.

"झालं?" यांतिना लेकीला म्हणाली. "आला ना चहा? की नाही आला?"

आलिडाच्या डोळ्यांत पाणी होतं. डेर्कनं फडक्यानं ओटा पुसला, फडकं पिळून वाळत घातलं आणि मागच्या दारानं बाहेर पडला. स्वतःचा कप त्यानं तसाच ठेवला.

लेक आणि जावई चहा न संपवताच गेले. यांतिनानं दार जरा जोरातच लावलं. आपण जिंकलो असं तिला वाटत होतं. डेर्कला ते सांगायला ती मागच्या अंगणात गेली.

डेर्क सायकलींच्या खोपटात उलट्या बादलीवर बसला होता. त्याचे दोन्ही हात मोकळे सोडलेले होते आणि दोन्ही कापत होते.

"गेले ते," यांतिना म्हणाली. "चांगली बोलती बंद केली त्यांची."

"मी काय सर्कशीतलं अस्वल आहे?"

तिला नीट ऐकू आलं नाही. "काय?"

"अस्वल!" तो ओरडला. डेर्क ओरडला. तिनं त्याला ओरडताना कधी ऐकलंच नव्हतं. पुलाला बोट घासली तरी तो नुसता हात वर करायचा. "नाच म्हटलं की नाचायचं! लेकीसमोर! जावयासमोर!"

"अरे, मी तुझ्याच बाजूनं..."

"माझी बाजू कुठली ते विचारलंस कधी?" शब्द अडकत होते, पण तो थांबत नव्हता. "मला नकोय ती किटली. मला भीती वाटते तिची. रोज दुपारी वाटते. सकाळपासून वाटायला लागते. आणि तू बसतेस खुर्चीत, अशी बघत, जणू मी पाणी सांडलं नाही म्हणजे मला काही झालेलंच नाही."

यांतिनाची कानशिलं तापली. "मग बोलायचं होतंस! तोंड नव्हतं का तुला?"

"तू बोलायला जागा ठेवतेस का? पुलाच्या वेळी ठेवलीस?"

"पुलाचं काय मध्येच?"

पूल दुरून, कॅमेऱ्यावर बघून चालवायचं ठरलं तेव्हा प्रांताचा एक साहेब फुलझाडाची कुंडी घेऊन घरी आला होता. डेर्कला लवकर घरी बसवायचं होतं. यांतिना दुसऱ्या दिवशी बस पकडून ग्रोनिंगनला प्रांताच्या कचेरीत गेली आणि टेबलावर अशी मूठ आपटली की त्यांनी डेर्कला अजून दोन हिवाळे केबिनमध्ये ठेवलं. ही गोष्ट ती अजूनही छाती फुगवून सांगायची.

"मला जायचं होतं," डेर्क म्हणाला. "गुडघे धरायचे त्या थंडीत. साहेब आला तेव्हा मला बरं वाटलं होतं. दोन हिवाळे तुझ्यापायी काढले मी, यांतिना. तू एवढी भांडून आलीस, तुला काय सांगणार?"

ती तडक वळली. घरात गेली आणि चारही कप अशा रागानं धुतले की एकाचा कान तुटला.

पुढचे काही दिवस त्या घरात कामापुरतंच बोलणं झालं. यांतिनाला सगळ्यांचाच राग येत होता. आलिडाचा, कारण ती बरोबर निघाली होती. डेर्कचा, कारण त्यानं इतकी वर्षं गप्प राहून तिला एकटीलाच लढू दिलं. त्या दुखण्याचा तर सगळ्यात जास्त, पण त्याला काउंटरवरून हात हलवत परत पाठवता येत नव्हतं. आणि स्वतःचा. तो ती कुणाला कबूल करणार नव्हती. किटली मात्र त्या दिवसापासून तिनं त्याला भरू दिली नाही. स्वतःच चहा केला. तो इतका कडू झाला की डेर्क अर्धा प्यायला आणि गप्प बसला. त्या गप्प बसण्याचाही तिला राग आला.

"कडू आहे तर म्हण ना कडू आहे!"

"कडू आहे," डेर्क म्हणाला.

त्या संध्याकाळी तिनं आलिडाला फोन लावला. "तुझ्या बापाला नळ हवाय," ती म्हणाली. "कुठला ते मला विचारू नकोस. बाउकालाही सांगू नकोस. बापाशी बोल. आणि तो बोलेपर्यंत थांब." फोन डेर्कच्या कानाला लावून ती तावातावानं बाहेर कोबी तोडायला गेली.

शनिवारी दोघं बसनं फेंडामला स्वयंपाकघरांच्या दुकानात गेले. विक्रेता तरतरीत होता. त्यानं डेर्कच्या हाताकडे एकदा पाहिलं आणि मग सगळं यांतिनाला सांगायला लागला. ही मूठ दाबून धरायची, मग फिरवायची, म्हणजे लहान मुलं भाजत नाहीत. डेर्कनं हात पुढं केला. मूठ दाबली, पण फिरवायच्या आत ती वर आली. पुन्हा तेच झालं.

"काही हरकत नाही," विक्रेता हसून म्हणाला. "बाईच वापरतील ना हा?"

यांतिनाच्या तोंडात उत्तर तयार होतं. चांगलं धारदार. ते तिनं दातांखाली धरलं. जीभ अक्षरशः चावली. डेर्क बोलायच्या तयारीत होता, त्याचे ओठ हलत होते, आणि दुकानातला तो रिकामा क्षण तिला इतका लांब वाटला की तिनं पर्सचा पट्टा पिळून काढला.

"पाणी येणारा," डेर्क अखेर म्हणाला, "नळ दाखवा. हा कोरडा आहे."

"तसा इथं नाही हो काका."

"तुम्ही कॉफी कुठं करता?"

विक्रेत्यानं नाइलाजानं मागची खोली उघडली. तिथं कामगारांच्या ओट्यावर खराखुरा नळ होता. डेर्कनं एक कप नळाखाली ठेवला. हातात धरला नाही. मग बोटं बाजूला ठेवून तळव्याच्या मनगटाकडच्या बाजूनं मूठ दाबली, अंगाचा भार तसाच ठेवला आणि खांद्यातून फिरवली. नळ फुसफुसला, थुंकल्यासारखे थेंब उडाले आणि वाफाळतं पाणी कपात पडलं. त्यानं तळवा उचलला, पाणी थांबलं. त्यानं पुन्हा केलं. आणि पुन्हा. कप भरून सांडला तरी करतच राहिला.

"हा," तो म्हणाला.

"याची तोटी थोडी..." यांतिनानं सुरुवात केली.

"हा, यांतिना."

"बरं."

नळ बसवायला माणूस आला तेव्हाही तिची कुरबूर चालूच होती. टाकीनं ओट्याखालची तिची बटाट्यांची जागा खाल्ली होती. रात्रंदिवस आत पाणी तापत राहणार, ही तिला शुद्ध उधळपट्टी वाटत होती. तो माणूस गेल्यावर ती खुर्चीत बसली आणि छताकडे बघत राहिली, डेर्ककडे नाही. फुसफुस ऐकू आली. मग बराच वेळ काहीच नाही.

"झाला?" तिनं न राहवून विचारलं.

"झाला. पण टेबलापर्यंत आणता येणार नाही मला."

भरलेला कप त्या हातांनी तीन पावलंही गेला नसता. याचा विचार कुणीच केला नव्हता, आलिडानं नाही, बाउकानं नाही, त्या तरतरीत विक्रेत्यानं तर नाहीच. यांतिनाचा पारा पुन्हा चढला. ती उठली, कप उचलायला ओट्यापाशी गेली, आणि तिथंच थांबली. "आणू का मी?" तिनं विचारलं. विचारताना आवाज भांडल्यासारखाच निघाला.

डेर्कनं विचार केला. तिनं वाट पाहिली.

"इथंच पिऊ," तो म्हणाला.

मग दोघं ओट्याला कोपरं टेकवून उभे राहिले. डेर्कनं कप न उचलता मान खाली घालून घोट घेतला. तिनं आपल्या कपातला एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"पाणी नीट उकळलेलं नाहीय याचं. चव बघ."

"चहा माझा आहे," डेर्क म्हणाला. "नको तर ठेव."

तिनं ठेवला नाही. गुडघे दुखायला लागेपर्यंत ती तशीच उभी राहिली आणि त्या विक्रेत्याची खरडपट्टी काढत राहिली. मधे मधे थांबून ती डेर्ककडे बघत होती, त्याला काही म्हणायचंय का म्हणून. त्याला काही म्हणायचं नव्हतं. तो चहा पीत होता.