अण्णाच्या ट्रॅक्टरचा स्टार्टर

दुपारचं जेवण झालंय. दामू खामकर शेडमध्ये पोतं टाकून ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकाला पाठ लावून बसलाय. झोपायचं नाही असं मनाशी म्हणतो, तरी डोळे मिटतात. मांडवात कुणी पखवाजाला कणीक लावून बघतंय. तो धुम्म आवाज कानावर येतो, मग पाण्याखालून आल्यासारखा येतो, मग येतच नाही.

उद्या अण्णाचं, त्याच्या थोरल्या भावाचं, वर्षश्राद्ध. कीर्तन ठेवलंय. बासष्ट सालचा हा ट्रॅक्टर अण्णाचा. गावात कीर्तन असलं की फाट्यावरून बुवांना ह्याच्यावरच बसवून आणायचं, हा अण्णाचा नेम. उद्याही तसंच आणीन, असा शब्द दामूनं वहिनीला दिलाय. सहा महिने खपून त्यानं ट्रॅक्टर नवा केला, पण स्टार्टर दाबला की इंजिन कण्हत अर्धा फेरा घेतं आणि बसतं. बॅटरी नवी घातली, स्टार्टर न काढताच मागची पट्टी सोडून त्याचे कार्बन बदलले, जाड केबल टाकली. कण्हणं तेच.

"झोपलास होय रे, काम अर्धं टाकून?"

अण्णा बॉनेटपाशी उभा आहे. अंगात बंडी, कपाळाला बुक्का. मेल्याची काही खूण नाही.

"अण्णा, स्टार्टर फार मंद फिरतोय."

"ऐकलं मी. दमेकऱ्यासारखा. रंग कुणी दिला?"

"मीच. तीन हात मारले."

"पार नवरदेव केलास की त्याचा!" अण्णा हसतो. "बस वर."

दामू वर चढून बसतो, तर तो बसलेला असतो दवाखान्यातल्या लोखंडी कॉटच्या कडेला. दोन्ही बाजूंना टाळकरी ओळीनं उभे. टाळ हलताहेत, आवाज नाही. कॉटवर अण्णा पडलाय, हाडं वर आलेला. आणि पायाशी तोच अण्णा पाना घेऊन वाकलाय.

"वीज तारेनं आत जाते," वाकलेला अण्णा विचारतो, "आणि परत कशातनं येते?"

"बॉडीतनं."

"मग लोखंडाला लोखंड भिडायला नको? स्टार्टर इंजिनला बसतो, त्या जागेवरही रंग फासलास. ती जागा उघडी ठेवायची असते. गंजलेली दिसली, तुला बघवली नाही."

दामू मान खाली घालतो. "नाही बघवली."

"माझंही तेच केलंस." हे कॉटवरचा अण्णा बोलतो, अगदी हळू. "रोज यायचास आणि म्हणायचास, अण्णा, आज तोंडावर तेज आहे, पुढच्या एकादशीला बुवांना तूच आणणार. मला तुझा निरोप घ्यायचा होता रे. तू बोलूच दिलं नाहीस."

"मला भीती वाटत होती, अण्णा."

"आणि मला नव्हती वाटत?"

टाळ थांबतात. दामू कॉटवर वाकतो. "आता बोल ना. काय बोलायचं होतं?"

"बोलायचं राहिलं नाही आता," अण्णा म्हणतो. "ऐकायचं राहिलंय."

कॉट रिकामी आहे. मग कॉटही नाही. पाठीला चाकाचा रबर लागतो, शेडच्या पत्र्यावर ऊन तापलंय.

दामू उठतो. बॅटरीची तार सोडतो, बोल्ट काढतो, स्टार्टर बाहेर ओढतो. बसायच्या जागेवर त्याचाच लाल रंग, गुळगुळीत. फक्त एके ठिकाणी, अंगठ्याएवढा, तो नखानं खरवडलेला आहे आणि खालचं लोखंड चकाकतंय. हा रंग वाळल्यावर दामूनं स्टार्टर बसवला, तो आजवर काढलेलाच नाही.

तो बराच वेळ त्या जागेवर बोट ठेवून उभा राहतो. मग पॉलिशपेपर घेऊन बाकीचा रंग उतरवतो, दोन्ही बाजूंचा, आणि स्टार्टर पुन्हा चढवतो.

बटण दाबताच इंजिन झपकन फिरतं आणि पेट घेतं. वहिनी मांडवातून धावत येते, दारातच थांबते, पदर तोंडाशी नेते. ह्या धडधडीत तिला काही ऐकू जाणार नाही, म्हणून दामू बॉनेटवर वाकून मोठ्यानं बोलतो,

"अण्णा, तू वाचणार नव्हतास. डॉक्टरनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. जा आता."