तीस सेकंदांचा नकार

लातूरच्या ज्या क्लासमध्ये मी कॉम्प्युटर सांभाळायचो, तिथं सहा वर्षं माझ्याशिवाय पान हलत नव्हतं. मग बिलोलीचा एक जण कामाला लागला. माझ्याहून दोनच वर्षांनी लहान, शर्ट कायम पँटीबाहेर. पंधरा दिवसांत मोठे सर, म्हणजे क्लासचे मालक, मला सोडून त्याला केबिनमध्ये बोलावू लागले. चहासुद्धा त्याला कपबशीत, मला कागदी पेल्यात. त्या कपाच्या कडेला निळी रेघ होती, हे मला आजही आठवतं.

भांडणाचं मूळ माझा प्रोग्राम. क्लासच्या प्रवेश परीक्षेचे पेपर हैदराबादची एक कंपनी तपासायची आणि निकाल तिच्याच सर्व्हरवर असायचे. पालक पोरांना घेऊन आमच्या हॉलमध्ये यायचे, परीक्षेचा नंबर टाकायचे, आमचं मशीन हैदराबादला विचारायचं आणि तिकडून होकार किंवा नकार यायचा. एरवी दोन सेकंदांत. मे महिन्यात सगळे एकदम तुटून पडले की उत्तर रेंगाळायचं. म्हणून मी हद्द घातली होती: तीस सेकंद थांबायचं. तेवढ्यात काही आलं नाही, तर पडद्यावर लाल अक्षरांत 'प्रवेश नाही' आणि पुढचा नंबर. मागाहून येणारं उत्तर माझा प्रोग्राम वाचायचाच नाही. रांग भराभर सरकायची, याचा मला कोण अभिमान!

बिलोलीच्यानं पहिल्याच आठवड्यात नेमकं तिथं बोट ठेवलं, तेही मोठ्या सरांसमोर.

"सर, उत्तर आलं न्हाई म्हंजे तिकडून न्हाई म्हणले, असं नसतंय. मोंढ्यात माल टाकला की आडत्या चिठ्ठी देतो का न्हाई? शेतकरी गावात हिंडून येतो, सौदा झाला की भाव कळतो. तसा आपण पावती नंबर देऊ, घरी जावा म्हणू. उत्तर येईल तवा मोबाइलवर मेसेज जाईल."

मोठे सर मांडीवर थाप मारून हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मोंढा माझा, लातूर माझं, त्या चिठ्ठ्या मी लहानपणापासून बघितलेल्या, आणि सुचलं कुणाला तर नांदेड जिल्ह्यातल्या या माणसाला! मी म्हणालो, ऐन हंगामात बदल नको, लोक गोंधळतील. त्याचं नाव होऊ द्यायचं नव्हतं, हे खरं कारण. मोठ्या सरांनी माझं ऐकलं.

खरं तर ही गोष्ट मला कुणी शिकवायची गरजच नव्हती. भूकंप झाला तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. मामाचं गाव पडलं. तिकडं जाणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्याजवळ आई निरोप द्यायची, उलट निरोप एकही आला नाही. तिसऱ्या दिवशी घरातल्या मोठ्यांनी मामा गेला असं ठरवलं, आणि आईनं भावाच्या नावानं आंघोळ केली. पाचव्या दिवशी डोक्याला पट्टी बांधलेला मामा दारात उभा. जखमी शेजाऱ्यांना घेऊन तो सोलापूरच्या दवाखान्यात गेला होता. आई त्याच्याकडं धावली नाही. पदर डोळ्यांवर ओढून आत गेली. पुढं मामा या आंघोळीवरून तिची चेष्टा करायचा, पण ती कधी हसली नाही. एवढं बघूनही मी तीस सेकंदांची हद्द घातली होती.

मेच्या अखेरीस निलंग्याची एक मुलगी वडिलांबरोबर आली. तीस सेकंद झाले, लाल अक्षरं उमटली. "पुन्ना एकदा बघा की," ती म्हणाली. वडीलच तिला म्हणाले, "मशीन खोटं कशाला बोलंल?" आमच्याकडचा बाप माणसाशी भांडेल, मशीनशी भांडत नाही. दोघं एसटी गाठायला निघून गेले.

दोन दिवसांनी बिलोलीचा तो माणूस एक कागद घेऊन माझ्या टेबलाशी आला. उशिरा येणारी उत्तरं तो गुपचूप साठवत होता. कागदावर सात नंबर होते, पहिला निलंग्याच्या मुलीचा. होकार, पहिली बॅच. उत्तर चाळिसाव्या सेकंदाला आलं होतं. बॅच सोमवारी सुरू व्हायची होती आणि जागा भरत आल्या होत्या.

"मोठ्या सरांना सांगितलंस?"

"न्हाई. प्रोग्राम तुमचा हाय. तुमीच फोन लावा."

इथंही त्यानं मला मागं टाकलं. चुगली केली असती तर त्याचा राग करणं सोपं गेलं असतं.

मी फोन लावला. घंटा वाजत राहिली, कुणी उचलेना. मी रिसीव्हर ठेवला आणि तिच्या नंबरासमोर लिहिलं: इच्छुक नाही.

त्यानं वाचलं. "सर, उचलला न्हाई, एवढंच झालंय की."

त्यानं तोच नंबर फिरवला आणि रिसीव्हर कानाला लावून उभा राहिला. मी नकळत सेकंद मोजत होतो. तीस उलटले. चाळीसच्या आसपास पलीकडून कुणीतरी उचलला. त्यानं दोन वाक्यांत सांगितलं, आणि त्या मुलीचा आवाज रिसीव्हरबाहेर मला ऐकू आला, "थँक्यू सर, थँक्यू सर!"

तिची जागा वाचली, याचा आनंद मला संध्याकाळी झाला. त्या वेळी मनात एवढंच होतं, की तो आवाज माझ्या कानात यायला हवा होता.